लेबल गेलं, आकडा राहिला: बडोद्यातल्या एका खोक्याची ओळखपरेड

दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या वाटण्या झाल्या आणि माळ्यावरचं एक खोकं आमच्या मंडळाकडे आलं. आत त्रेचाळीस तबकड्या. बत्तीस लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या, आजोबांनी जमवलेल्या. उरलेल्या अकरा व्हिनाइलच्या, बारा इंची, हिपहॉपच्या. नातू २००४ साली न्यू जर्सीहून कायमचा परत आला तेव्हा त्याने आणलेल्या. ही दोन गोत्रं एरवी एका खोक्यात यायची नाहीत. पण त्यांच्यात एक साम्य होतं. दोन्हींमधल्या बऱ्याच तबकड्यांना लेबलच नव्हतं. लाखेच्या सात आणि व्हिनाइलच्या नऊ, अशा एकूण सोळा तबकड्या निनावी निघाल्या. हा लेख त्या सोळांबद्दल आहे.

लाखेच्या तबकड्यांची लेबलं कशी जातात हे सांगायला नको. बडोद्याचा पावसाळा, कपाटातली कसर, आणि ग्रामोफोनच्या मधल्या खिळीवर तबकडी नीट न बसवता तिथल्या तिथे फिरवत भोक शोधायची घाई. कागद झिजतो, सुटतो, उंदीर उरलेलं बघून घेतात. व्हिनाइलच्या तबकड्यांची गोष्ट मात्र वेगळी होती. त्यांची लेबलं झिजलेली नव्हती, धुऊन काढलेली होती. मधल्या गोलावर डिंकाचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. घरच्यांना वाटलं पुराचं पाणी लागलं असेल. विश्वामित्रीचं पाणी इतकं नेमकं लेबलापुरतं लागत नाही.

त्या धुण्यामागे एक इतिहास आहे. क्लाइव्ह कॅम्पबेल नावाचा जमैकाचा मुलगा १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात आला. पुढे तो डीजे कूल हर्क म्हणून प्रसिद्ध झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरच्या त्याच्या इमारतीत बहिणीने एक पार्टी ठेवली होती. हिपहॉपचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख धरतात. हर्कची युक्ती अशी, की गाण्यातला फक्त तालवाद्यांचा तुकडा, ज्याला ते लोक 'ब्रेक' म्हणतात, तो घ्यायचा आणि एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून लांबवत राहायचा. कोणत्या विस्मृतीत गेलेल्या तबकडीत चांगला ब्रेक आहे, हे ज्याला ठाऊक त्याची गर्दी मोठी. म्हणून हर्क लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा. हा सल्ला त्याला वडिलांचा. जमैकात तर ही रीत जुनीच होती. किंग्स्टनचा कॉक्सन डॉड विलिस जॅक्सन या अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याची एक धून लेबल खरवडून 'कॉक्सन हॉप' या नावाने वाजवायचा, आणि त्याचा प्रतिस्पर्धी ड्यूक रीड तिचं खरं नाव शोधत फिरायचा. आपल्याकडचे बुवा चीजेचा अंतरा शिष्यालासुद्धा सांगत नसत, त्यातलाच हा प्रकार.

आता ओळख पटवायची कशी? इथे माझा जुना धंदा कामी आला. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत मी पंचवीस वर्षं पंपांचे ओतीव भाग तपासले. पंपावर पितळी नेमप्लेट असते, ती दोन स्क्रू काढले की बदलते. पण ओतकामातच उठलेला हीट नंबर कोणी बदलू शकत नाही. तबकडीचंही तसंच आहे. लेबल ही नेमप्लेट. खाचा संपल्यावर लेबलापर्यंत जी कोरी पट्टी उरते, तिच्यात मूळ साच्याचा आकडा कोरलेला किंवा ठोकलेला असतो, त्याला मेट्रिक्स क्रमांक म्हणतात. दुकानात मागायचा कॅटलॉग क्रमांक वेगळा आणि हा वेगळा. तीच ध्वनिमुद्रिका कंपनीने पुढे दुसऱ्या नावाच्या स्वस्त लेबलावर काढली तर कॅटलॉग क्रमांक बदलतो, कधी गायकाचं नावसुद्धा बदलतं. मेट्रिक्स क्रमांक तोच राहतो. काही जुन्या तबकड्यांवर तो लेबलाच्या खालीच दाबलेला असतो. आमच्या सातांपैकी दोन अशा निघाल्या. लेबल शाबूत असतं तर तो आकडा इतका स्वच्छ वाचताच आला नसता.

वाचायची रीत साधी आहे. खोलीत अंधार करायचा, तबकडी आडवी धरायची आणि विजेरीचा झोत अगदी तिरका सोडायचा. आकड्याआधीची किंवा नंतरची अक्षरंही सोडायची नाहीत. ग्रामोफोन कंपनीच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर त्या अक्षरावरून ध्वनिमुद्रण करणारा इंजिनिअर कोण आणि तबकडीचा आकार काय हे कळतं. आकड्यामागे बारीकसा त्रिकोण असेल तर मुद्रण वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या विद्युत पद्धतीने झालेलं, म्हणजे १९२५ च्या आधीचं असूच शकत नाही. चौकोन असेल तर कंपनीच्याच ॲलन ब्लमलीनने बसवलेली पद्धत, म्हणजे १९३१ किंवा त्यानंतरचं. एवढ्याशा भूमितीवरून पाच-सहा वर्षांची खिडकी मिळते.

त्यानंतर याद्या. इथे आपण भाग्यवान आहोत. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातल्या हिंदुस्थानी मुद्रणांची सूची १९९४ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे १९०८ ते १९१० ची. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे, तिचं 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक आहे. सातांपैकी तीन तबकड्या निव्वळ याद्यांशी आकडे ताडून सुटल्या. ते काम रटाळ आहे, त्याची हकीकत सांगत बसत नाही. एक तबकडी तडकलेली होती, ती बाजूला ठेवली. त्रिकोणवाली एक नाट्यपदांची निघाली. तिचं साल अंदाजात आलं, नाव अजून नाही.

उरलेल्या दोन्ही बडोद्याशी नातं सांगणाऱ्या, म्हणून त्यांच्यावर थोडं थांबतो.

पहिली एकेरी, म्हणजे एकाच बाजूला मुद्रण असलेली. मागच्या बाजूला लाखेतच उठवलेला लेखणीवाला देवदूत. कुत्र्याच्या आधीची कंपनीची निशाणी. घरच्यांचं ठाम म्हणणं, की ही लक्ष्मीबाई जाधवांची. लक्ष्मीबाई बडोदा दरबारच्या गायिका, जयपूर-अत्रौली घराण्याच्या, आणि आजोबांनी त्यांना ऐकलेलं होतं. तबकडी लावली. शेवटी गाणं संपल्यावर बाईंचा बोलका आवाज आला, 'लक्ष्मीबाई' एवढं स्पष्ट, पुढचा गावाचा शब्द खरखरीत बुडालेला. घरच्यांना आनंद झाला.

हे शेवटी नाव सांगणं म्हणजे काय, ते जरा सांगतो. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात मुद्रणं करायला आला. तिथे भरलेल्या मेणाच्या चकत्या जर्मनीत हॅनोवरला जायच्या आणि तिथे तबकड्या छापल्या जायच्या. हॅनोवरच्या कारागिराला गौहरजान कोण आणि दुसरी कोण हे कसं कळावं? म्हणून गाणाऱ्याने शेवटी स्वतःच नाव पुकारायचं. गौहरजानची ती इंग्रजी घोषणा पुढे तिची सहीच होऊन बसली. कारखान्याच्या सोयीसाठी निघालेली ही रीत आज आपल्याला लेबलापेक्षा भरवशाची वाटते. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदाला कारखाना निघाला, त्याच सुमारास दुहेरी तबकड्या आल्या, आणि हळूहळू ही पुकारणी बंद पडली.

आता हिशेब करा. एकेरी तबकडी, मागे देवदूत, शेवटी पुकारणी. तिन्ही खुणा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाकडे बोट दाखवतात. लक्ष्मीबाई जाधव त्या वेळी पाळण्यातून नुकत्या बाहेर आलेल्या असतील. आवाज तर पोक्त बाईचा. तेव्हा या लक्ष्मीबाई वेगळ्या. जुन्या लेबलांवर गायिकांची नावं बहुधा नुसती असत, पहिलं नाव आणि पुढे गाव: सोलापूरच्या मेहबूबजान, पुण्याच्या सुंदराबाई. आडनाव नाही, घर नाही, गुरू नाही. गावाचा शब्द झिजला की बाई हरवली. वहीत आम्ही 'लक्ष्मीबाई, गाव अस्पष्ट, एकेरी, १९०८ पूर्वीची शक्यता' एवढंच लिहिलं. घरचे थोडे नाराज झाले. पण दरबारच्या प्रसिद्ध लक्ष्मीबाईंच्या खात्यात ही तबकडी टाकली असती, तर या दुसऱ्या लक्ष्मीबाईंचा शेवटचा पुरावाही आपणच पुसला असता.

दुसरी तबकडी उस्ताद फैयाझखाँची. मंडळातल्या एका गाणाऱ्या सभासदाने चार सेकंदांत ओळखली. मी म्हटलं, कान हा साक्षीदार आहे, पुरावा नाही. मग खाँसाहेबांच्या पुनर्मुद्रित ध्वनिमुद्रणांशी तिचा आलाप संगणकावर शेजारी शेजारी लावला. सुरुवातीला जुळेना, कारण वेग. लाखेच्या तबकडीवर ७८ म्हणतात म्हणून ती ७८ नेच भरलेली असते असं नाही, विशेषतः जुनी असेल तर. आणि आपला ग्रामोफोनही ७८ ने फिरतो असं नाही. आपल्या ५० हर्ट्‌झच्या दिव्याखाली ७७ रेघांचं स्ट्रोबचक्र स्थिर दिसलं तर वेग ७७.९२ बसतो. आमचं यंत्र ७४ च्या आसपास रेंगाळत होतं. एवढ्याने सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने उतरतो. वेग बसवला, तेव्हा आलापाचे चढउतार एकावर एक बसले. राग ललत.

खाँसाहेबांच्या तबकड्या हातात आल्या की मला नेहमी एक गंमत वाटते. 'बडोद्याचे' म्हणजे नक्की कोण? फैयाझखाँ आग्ऱ्याकडचे, त्यांच्या गाजलेल्या तबकड्या कलकत्त्याच्या हिंदुस्थान कंपनीने काढल्या. पण नोकरी बडोदा दरबारची, ५ नोव्हेंबर १९५० ला देह ठेवला तोही इथेच. उलट इनायतखाँ. मौलाबक्षांचा नातू, जन्म बडोद्याचा, १८८२ चा. ज्या गायनशाळेची परंपरा आज विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्‌स विभागात चालू आहे, ती आजोबांनी १८८६ मध्ये काढलेली. या इनायतखाँने १९०९ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी भरली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेची बोट धरली. जग त्यांना सूफी गुरू म्हणून ओळखतं, गवई म्हणून त्यांच्या तबकड्या १९९४ मध्ये पुन्हा निघाल्या तेव्हा कुठे लोकांना कळलं. आणि तिसऱ्या हिराबाई. अब्दुल करीमखाँ बडोदा दरबारात होते, तिथून सरदार मान्यांच्या ताराबाईंबरोबर मुंबईला निघून गेले, मग मिरज. हिराबाईंचा जन्म १९०५ चा, मिरजेचा. तरी आडनाव लावलं बडोदेकर. आईबापांनी जे गाव सोडलं, ते मुलीने प्रत्येक लेबलावर छापून घेतलं. कलावंत कारखान्याच्या पगारपत्रकात ज्यांची नावं होती त्यांच्यापेक्षा बडोद्याचं नाव लांब नेलं ते या बाईंनी.

आता व्हिनाइलकडे. इथे मला वाटलं होतं की आपल्याला काही जमणार नाही. पण रीत तीच. उलट अमेरिकन मास्टर कापणारे कारागीर जास्त बोलके. कोऱ्या पट्टीत आपली सहीच करून ठेवतात. एका तबकडीवर टीबी ८२३ असा आकडा आणि शेजारी 'हर्बी ज्युनियर' व एक हसरा चेहरा. हा हर्ब पॉवर्स, फ्रँकफर्ड वेन या मास्टरिंग स्टुडिओतला. टीबी म्हणजे टॉमी बॉय कंपनी, आणि ८२३ म्हणजे आफ्रिका बंबाटाचं १९८२ चं 'प्लॅनेट रॉक'. मोबाईलमधल्या गाणं ओळखणाऱ्या ॲपवर तरुण सभासदांचा फार भरवसा. ते ॲप कधी तबकडीचं नाव सांगतं, कधी तिच्यात ज्याचा तुकडा घेतला आहे त्या मूळ गाण्याचं. कोऱ्या पट्टीचा असा घोळ होत नाही.

तीन तबकड्यांवर एसबीआर या अक्षरांनी सुरू होणारे आकडे निघाले आणि मी मोठ्याने हसलो. एसबीआर म्हणजे स्ट्रीट बीट रेकॉर्ड्‌स. १९८६ ते १९९१ या काळात त्यांनी 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' नावाचे पंचवीस खंड काढले. डीजेंनी वर्षानुवर्षं लपवलेले ब्रेक गोळा करून, नावानिशी, कोणालाही विकत मिळतील असे. आणि कोणीतरी त्यांचीही लेबलं धुऊन ठेवली होती! खाजगी वही छापून आल्यावर तिच्यावर कुलूप लावण्यातला प्रकार.

सहावी... नव्हे, क्रमाने पाचवी, एसएच ५४२. शुगर हिल रेकॉर्ड्‌स. कंपनी न्यू जर्सीतल्या एंगलवुडची, म्हणजे नातू राहत होता त्याच राज्यातली. १९७९ चं 'रॅपर्स डिलाइट'. हिपहॉपला घराघरांत नेणारी पहिली तबकडी हीच. तिचं लेबल शाबूत असतं तरी ते खोटंच बोललं असतं. मागे वाजणारी चाल शिक या बँडच्या 'गुड टाइम्स'ची, पण सुरुवातीच्या प्रतींवर नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्‌स यांची नावंच नव्हती. त्यांनी दावा लावायची भाषा केली तेव्हा आली. शब्दांची गोष्ट तर आणखी वाईट. बिग बँक हँक जे कडवं म्हणतो, ते ग्रँडमास्टर कॅझ या ब्रॉन्क्सच्या मुलाचं. हँकने वही मागून घेतली आणि जशीच्या तशी म्हटली, इतकी जशीच्या तशी, की कॅझने आपलं टोपणनाव जिथे एकेक अक्षर सुटं करून घातलं होतं तेही हँक तसंच म्हणून गेला. लेबलावर कॅझ नाही, मानधनात नाही, पण खाचेत आहे. हॅनोवरच्या कारागिरासाठी नाव पुकारणाऱ्या बाया आणि हा कॅझ, यांच्यात पाऊणशे वर्षांचं अंतर. नाव राहिलं ते दोघांचंही लाखेत नि व्हिनाइलात, कागदावर नाही.

सर्वांत जास्त वाद झाला तो एका साध्या पांढऱ्या लेबलाच्या तबकडीवर. प्रसिद्धीआधी डीजेंना वाटायच्या प्रती अशा कोऱ्या लेबलाच्या असतात. चोरून छापणारेही तसंच करतात. (म्हणजे या तबकडीला लेबल होतं, पण त्यावर काहीच नव्हतं, आम्ही ती निनावीतच धरली.) सुई टेकवली. भारी ठेका, इंग्रजीत गाणारी बाई, आणि तिच्या खालून लता. खोलीतले सगळे एकदम बोलले. ओळखायला आकड्याची गरजच नव्हती. गाणं १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटातलं, संगीत बप्पी लाहिरींचं. तबकडी ट्रुथ हर्ट्‌स या गायिकेचं २००२ चं 'ॲडिक्टिव्ह', निर्माता डीजे क्विक. मूळ गाण्याचा मोठा तुकडा जवळजवळ सबंध तबकडीभर फिरतो आणि मूळ श्रेय कुठेच दिलेलं नव्हतं. खटले झाले. फेब्रुवारी २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने बप्पी लाहिरींचं नाव दिल्याशिवाय ती विकू नये असं फर्मावलं. दुसरा दावा लावणारी कंपनी सारेगामा. म्हणजे गौहरजानपासून इनायतखाँपर्यंत सगळ्यांना भरून घेणाऱ्या त्याच ग्रामोफोन कंपनीची आजची वारस. जी कंपनी एकेकाळी बायांना आडनावाशिवाय छापत होती, तिला शंभर वर्षांनी नावाची किंमत कळली होती, निदान डॉलरमध्ये.

लताबाईंचा आवाज जगात कुठेही आपण ओळखू, म्हणून ही तबकडी सुटली. ज्यांचा आवाज ओळखणारं आता कोणी उरलं नाही, त्यांचं काय, हा प्रश्न मला त्या दिवशी जास्त टोचला. मंडळात एकाने सुचवलं की राहिलेल्यांवर निदान 'बहुधा अमुक' असं लिहून ठेवावं. माझा याला सक्त विरोध आहे. 'बहुधा' हा शब्द दुसऱ्या नकलेत गळतो आणि तिसऱ्या नकलेत नाव पक्कं होतं. व्हिनाइलच्या तीन आणि लाखेच्या तीन अशा सहा तबकड्या आमच्या वहीत आज निनावी किंवा अर्ध्या नावाच्या आहेत. त्यांच्यापुढे कोऱ्या पट्टीतली प्रत्येक खूण, वेग, व्यास, कडेची जाडी आणि खाचेत ऐकू येणारं जे काही ते लिहिलंय.

तुमच्या घरी अशा तबकड्या असतील तर लेबलाचा फोटो पाठवू नका, किंवा त्याच्याबरोबर कोऱ्या पट्टीचाही पाठवा, तिरक्या उजेडात काढलेला. लेबलाचे तुकडे सुटत असतील तर डिंक लावू नका, पाकिटात घालून त्याच तबकडीबरोबर ठेवा. शेवटी कोणी नाव पुकारत असेल तर तो भाग पुन्हा पुन्हा वाजवू नका. एकदाच, नवी सुई घालून, मुद्रित करून घ्या. आणि लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, फर्निचरवाले पॉलिश त्यातच बनवतात. व्हिनाइलला त्याने तेवढं होत नाही, पण आधी कुठली कुठली आहे ते बघा: लाखेची जड असते, आणि नखाने टिचकी मारली तर बशीसारखी वाजते.